अडकलं तर विचारायचं कोणाला

लातूरच्या आमच्या शाळेत दहा कॉम्प्युटर होते आणि त्या दहांचं मरण एका कागदावर लिहून आलं होतं. नवी सिस्टीम त्यांच्यावर चालणार नाही, सबब भंगारात काढावेत. मुख्याध्यापकांनी शनिवारचा टेम्पोही सांगून टाकला.

मी विज्ञान शिकवते. चालू वस्तू फेकलेली मला सोसत नाही. माझी मोठी बहीण नांदेडला झेरॉक्सचं दुकान चालवते. तिच्या याहून जुन्या मशीनवर लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम धावताना मी पाहिलं होतं. रविवारी तिच्याकडून पेनड्राइव्ह आणला, सोमवारी शाळा सुटल्यावर एका मशीनवर चढवलं. चाललं. अंगात वारं शिरल्यागत मंगळवारी उरलेली नऊ उरकली. प्रिंटर पहिल्या झटक्यात चालला तेव्हा रिकाम्या खोलीत एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

मुख्याध्यापक म्हणाले, ऑफिसचं काम यावर चालतंय असं बडे बाबू सांगतील तर टेम्पो परत पाठवू.

बडे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. कपाळावर भस्म, टेबलावर सिद्धेश्वराचा फोटो, रिटायर व्हायला तीन वर्षं. दाखला ते नाव वाचून शोधत नाहीत, जागा पाहून शोधतात: टीसी वरून तिसरा, बोनाफाईड त्याच्याखाली. म्हणून मी त्यांच्या मशीनवर प्रत्येक फाइल जुन्या जागी मांडली होती. पडद्यावर त्यांचा सिद्धेश्वर लावला होता, टाइपरायटरसारखा मराठी कीबोर्डही बसवला होता. बुधवारी ते आले, रोजच्यासारखा मशीनला हात लावून नमस्कार केला आणि दुपारपर्यंत सात बोनाफाईड काढून दिले. काही बदललंय याचा पत्ताच नाही. स्टाफरूममध्ये हसू दाबता दाबता माझा अर्धा चहा साडीवर गेला.

मग न राहवून मी सांगितलं आणि घोटाळा केला. बाबू खुर्ची मागे सारून उभेच राहिले.

"मॅडम, सगळं चांगलं हाय. पण अडकलं तर विचारायचं कोणाला?"

मला विचारा, म्हटलं.

"आन् तुम्ही हदगावला माहेरी गेल्या म्हंजे?"

जुन्या सिस्टीमसाठी त्यांना समोरचा झेरॉक्सवाला होता, उदगीरचा मेहुणा होता. आपल्याकडे मोटारसायकलसुद्धा जिचा मिस्त्री गावात आहे तीच घेतात. सिस्टीम फुकट आहे, वेगवान आहे, हे मी घसा कोरडा करून सांगत होते. आणि लोकांना हवा होता हाकेच्या अंतरावरचा एक माणूस. तो नाही, तर मग तयार करायचा.

गुरुवारी चाकूरला आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. तिथल्या शाळेतही अशीच मशीनं धूळ खात पडलेली. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या ऑफिसातल्या मशीनवर लिनक्स टाकून दिलं. तिथल्या क्लार्कनंही तेच विचारलं, अडकलं तर? मी बेधडक आमच्या बडे बाबूंचा नंबर दिला. म्हटलं, यातले उस्ताद आहेत.

शुक्रवारी सकाळी ऑफिसात चाकूरच्या क्लार्कचा फोन आला, उस्ताद आहेत का म्हणून. इतक्या वर्षांच्या नोकरीत बाबूंना कोणी उस्ताद म्हटलं नव्हतं. मी दारातच होते. दुसऱ्या शाळेच्या माणसाला 'मला येत नाही' म्हणणं त्यांच्या जिवावर आलेलं स्पष्ट दिसत होतं. 'बघून सांगतो' म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. आता चांगलीच झाडणार, असं मी धरून चालले होते.

"पानाचा आकार कुठून बदलतात? लवकर सांगा, त्यो थांबलाय."

मी सांगितलं. त्यांनी परत फोन लावून ते जन्मापासून ठाऊक असल्याच्या थाटात चाकूरला ऐकवलं. दुपारपर्यंत ते पाच वेळा माझ्या वर्गाच्या दारात आले. मुलं मोजायलाच लागली. सहाव्यांदा फोन वाजलेला ऐकू आला, पण बाबू आले नाहीत. मी काळजीनं ऑफिसात डोकावले. ते स्वतःच एकेक मेनू उघडून बघत होते आणि सापडलेलं वहीत उतरवून घेत होते. मी पाऊल न वाजवता परतले आणि जिन्यात पोट धरून हसले.

शनिवारी टेम्पो आला. मुख्याध्यापक ऑफिसात शिरून विचारू लागले, काय बाबू, द्यायचं का हे सगळं? बाबूंच्या कानाला फोन होता. त्यांनी हात वर करून खुद्द मुख्याध्यापकांना थांबवलं.

"घाबरू नको. एंटर दाब. काय बिघडत न्हाई, मी हाय ना."

पलीकडे प्रिंटर घरघरलेला आम्हा सगळ्यांना ऐकू आला. मग फोनवर तळवा ठेवून ते म्हणाले, त्या टेम्पोवाल्याला माघारी धाडा, सोमवारी चाकूरचे दोघं शिकायला येणार आहेत, त्यांना बसवायला मशीनं लागतील.

मुख्याध्यापक माझ्याकडे बघत राहिले. मी खिडकीबाहेर बघत होते. टेम्पो आलाच आहे तर रिकामा कशाला जाऊ द्यायचा, म्हणून मी त्यात मागच्या खोलीतले मोडके बाक भरायला लावले.