पहिला घाणा कुणाचा

माझी आई उन्हाळाभर दुसऱ्यांच्या चटण्या कुटायची. आमच्या कोल्हापुरात चटणी म्हणजे वर्षभराचं तिखट. मिरची, धणे, खोबरं, तीळ, कांदा, लसूण सगळं कुटून बरणीत दाबून ठेवायचं आणि पुढच्या शिमग्यापर्यंत पुरवायचं. ज्यांच्या घरी खाणारी तोंडं जास्त आणि कुटणारे हात कमी, ते आईला बोलवायचे. वडील मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा उचलायचे. एकदा पाठीत जी उसण भरली ती गेलीच नाही, आणि त्यानंतर घर चाललं ते आईच्या मुसळावर.

संध्याकाळी घरी आली की ती ताकाच्या पातेल्यात हात बुडवून बसायची. बोटांची सालं निघालेली असायची. आम्हा भावंडांना जवळ घ्यायची नाही, कारण तिचा हात लागला की अंगाची आग व्हायची. माझी वेणी मी फार लहानपणी माझी मीच घालायला शिकले, त्याचं कारण हे.

आणखी एक आठवतं. कामाला निघताना आई आमच्या डब्यातल्या मूठभर मिरच्या पदराला बांधून न्यायची. येताना पदर रिकामा. बाकीच्या बाया कामाला जाताना भाकरी नेतात, ही मिरच्या नेते, आणि त्याही मिरच्यांचा ढीग पडलेल्या घरी! घरात कालवणाला तिखट नसलं तरी ती मूठ चुकायची नाही. मला त्याचा राग यायचा. पण का नेतेस, हे काही मी कधी विचारलं नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम. झाले, सेकंड क्लासमध्ये. हे मी अजूनही सांगते आणि कुणी विचारलं नसलं तरी सांगते. कॉलेजात मी ‘जाते, येते’ म्हणायला शिकले. आई मात्र आमच्या भागातल्या सगळ्या बायकांसारखी अजून ‘मी जातो, मी येतो’च म्हणते.

नोकरीसाठी अर्ज केले. पोस्टाच्या तिकिटांवर पैसे गेले तेवढेच. मग मी ठरवलं की डंक टाकायचा. डंक म्हणजे चटणी कुटायचं मशीन. खाली लोखंडी उखळ, आणि त्यात मोटारीवर वरखाली होणारी दोन लोखंडी मुसळं. बायकांनी डबे घेऊन यायचं, समोर बसून आपलं तिखट कुटून घ्यायचं. मंगळवार पेठेत आमच्या बोळाच्या तोंडाशी एक गाळा मिळाला. थ्री फेजचं मीटर मिळवायला पूर्ण हिवाळा गेला. साहेब जागेवर असले तर फॉर्म नसायचा, फॉर्म असला तर साहेब नसायचे.

आईला मी शब्द दिला. “ह्या उन्हाळ्यापासनं तू कुणाच्या अंगणात जायचं नाहीस.”

आई म्हणाली, “बघू. डंक चालला तर न्हाय जाणार. न्हाय चालला तर मी मुसळ काय इकून टाकलेलं न्हाय.”

शेजारणी तर टपूनच होत्या. “बी.कॉम. हुन मिरच्याच कुटायच्या हुत्या, तर आईनं फुकट शिकिवलं असतं की!” मी मुद्दाम डिग्रीची फ्रेम गाळ्यात लावली. आठवड्याभरात तिची काच लाल झाली. रोज पुसायची आणि रोज शिंकायचं.

आता खरा त्रास ऐका. मला वाटलेलं गिऱ्हाईक येणार नाही. गिऱ्हाईक आलं. पहिल्याच दिवशी सकाळी आठला सात-आठ बायका डबे घेऊन ओळीनं बसल्या. मी मोटार चालू केली, मुसळं नाचायला लागली आणि कुणी उठेना.

“वैनी, घाला की तुमचं.”

“नगं बाई, मला गडबड न्हाय. ह्या काकींचं घे आधी.”

काकी उचगावहून आलेल्या. आवाज असा की मोटार चालू असतानाही बोळाच्या टोकाला ऐकू जाईल. त्या म्हणाल्या, “माझं कशाला? मी आपला इसावा घ्यायला बसलो हाय. त्या चष्मेवालीचं घे.”

चष्मेवाली म्हणाली की तिच्या मिरचीला अजून ऊन लागायचंय. अहो, ऊन लागायचंय तर डबा घेऊन आलात कशाला!

कारण मला दुपारी कळलं. घाणा म्हणजे एका वेळचं कुटप, आणि कुठल्याही डंकाचा दिवसाचा पहिला घाणा मशीन खातं. उखळाच्या कडांना, मुसळांच्या बुडाला अर्धा पाव तिखट चिकटून बसतं ते त्या घाण्यासोबत निघत नाही. दुसरीच्या घाण्याला पहिलीचं येऊन मिळतं, तिसरीला दुसरीचं. सगळ्यांचं भरून निघतं, पहिलीचं तेवढं जातं. रात्री उखळ खरवडून पुसावं लागतं, म्हणून सकाळी ते पुन्हा उपाशी. त्यामुळं पहिली कुणालाच व्हायचं नसतं. बायका दहा-साडेदहापर्यंत एकमेकींना आग्रह करत बसायच्या, जणू पंगतीला बसल्यात. आणि अकराला लाईट जायची. भारनियमन! ती तीनला यायची. तोवर उन्हं चढलेली, घरी पोरं, स्वयंपाक. बायका डबे उचलून जायच्या. पेठेतच मागं एक जुना डंक होता. त्याच्याकडं पहाटे खानावळींचं तिखट निघायचं, म्हणजे बायकांच्या वेळेला तिथं पहिलं कुणी उरायचंच नाही. माझ्याकडं मोकळा डंक, तिथं रांग.

मी शिकलेली. मी डोकं चालवलं. मशीनच्या कडाच खातात ना, मग त्या आधीच भरून टाकू. एका सकाळी जाडं मीठ घालून मी डंक फिरवला, कडा पांढऱ्याफेक केल्या आणि उचगावच्या काकींना म्हटलं, “घाला बिनघोर. उखळाचं पोट भरलंय.”

त्यांनी विश्वासानं घातलं. दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन परत आल्या. चिमूटभर चटणी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.

“खा.”

मी खाल्ली.

“काय हाय हे? चटणी हाय का लोणच्याचा खार? मीठ तू घातलंस, वर मी माझं घातलं. घरातला माणूस दोन तांबे पाणी पिऊन उठला जेवणावरनं!”

मी त्यांना नवी मिरची आणून दिली आणि फुकट कुटून दिली. त्या दिवशी ती सगळ्यात शेवटी घातली, पहिली नाही.

मग मी पाटी लिहिली. स्वच्छ अक्षरात, खडूनं. ‘पहिल्या घाण्यास निम्मा दर.’ मला वाटलं, याच्यापुढं बोलायला जागाच नाही. नुकसान माझं, फायदा त्यांचा. साधा हिशेब. पण पाटीचा परिणाम काय झाला? ज्या बायकांना पहिल्या घाण्याची भानगड ठाऊकच नव्हती, त्यांनाही ठाऊक झाली. नवीन लग्न झालेली एक पोरगी पाटी वाचून डबा पोटाशी धरून उभी राहिली.

“निम्मा दर कशापाय ओ?”

उचगावच्या काकींनी परस्पर उत्तर दिलं, “कशापाय म्हंजे? निम्मी चटणी ती ठेवून घेती म्हणून निम्मा दर.”

सगळ्या हसल्या. काकींनी ते गमतीनंच म्हटलेलं, हे मला माहीत आहे. पण गंमत बोळातून बाहेर पडली तेव्हा तिची गंमत राहिली नव्हती. दोन दिवसांनी भाजीवाली मला विचारते, “तुम्ही तिखट काढून घेता म्हणं?” मी पाटी पुसली. पुसली तर म्हणायला लागल्या, बघा, सापडली म्हणून पाटी पुसली. डोकं भिंतीवर आपटावं असं वाटायचं, पण भिंतीवर डिग्री होती.

नंबराचे बिल्लेही करून बघितले. एक नंबरचा बिल्ला ज्या बाईला जायचा ती तो शेजारणीच्या पिशवीत हळूच टाकायची. तो बिल्ला शेवटी हरवलाच.

एप्रिल निम्मा सरला. चटणीचा हंगाम म्हणजे शिमगा ते वळीव. वळवाचा शिडकावा झाला, मिरची सर्दावली, की संपलं. दिवसाला तीन-चार घाणे निघत होते, तेही दुपारी लाईट आल्यावर. मी घरी काही बोलत नव्हते. पण आईला वास कळतो. डंक भरून चाललेल्या दिवशी माझ्या अंगाला जेवढा ठसका यायला पाहिजे तेवढा येत नव्हता.

एक दिवस सकाळी आई घरात दिसली नाही. कोपऱ्यातलं मुसळही दिसलं नाही.

मला कळायचं ते कळलं. जिथं ती वीस वर्षं कुटायला जायची त्या मोठ्या घरी मी गेले. अंगणात आई उभी होती, पदर खोचलेला, उखळासमोर. घरची बाई झोपाळ्यावर बसून मला म्हणाली, “ये गं बी.कॉम. तुझ्या आईला म्हटलं, मशीनच्या चटणीला चव न्हाय, तूच ये.” मी आईच्या हातांकडं बघत होते. कारण आईनं पदराची गाठ सोडली, आमच्या घरच्या मूठभर मिरच्या काढल्या आणि त्यांच्या ढिगाला हात लावायच्या आधी त्या उखळात टाकल्या. कुटल्या. कुंच्यानं वरवर झाडून घेतलं आणि मग त्यांची मिरची घातली.

संध्याकाळी आई ताकात हात घालून बसली, तेव्हा मी विचारलं. माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

“त्या मिरच्या कशाला टाकतीस तू?”

“उखळ आधी खातंय की. त्यांचं खाल्लं तर वजनाला कमी भरतंय. मग म्हणणार, कुटणारीनं पदरात घातलं. त्यापरीस आपलीच मूठ घालायची. चोर म्हणून घ्यायला मूठभर मिरच्या महाग न्हायत्या.”

वीस वर्षं! घरात तिखटाविना कालवण खाऊन तिनं ती मूठ नेली, ती याच्यासाठी. आणि मी मीठ घालत बसले होते, पाट्या लिहीत बसले होते.

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. “मग हे मला आधी का नाही सांगितलंस? दीड महिना मी मरायला लागलेय तिथं!”

“तू इचारलंस कुठं? तू शिकलेली. मला वाटलं, तुमच्या पुस्तकात असंल काहीतरी.”

दुसऱ्या दिवशी आठच्या आधी आई गाळ्यात आली. सोबत आमच्या घरची किलोभर मिरची, भाजलेला मसाला, सोललेला लसूण. बायका नेहमीसारख्या ओळीनं बसलेल्या. आईनं कुणाकडं बघितलं नाही, काही समजावलं नाही. सगळ्यांच्या देखत आमची मिरची, मसाला तोलून उखळात घातला, घाणा काढला, पुन्हा तागडीत टाकून दाखवला. दीड पाव कमी भरला, मी धरून चालले होते त्याहून जास्त.

“खाल्लं तिनं माझं. आता या कुणीबी.”

उचगावच्या काकी उठल्या. “मी घालतो! दुसरा नंबर माझा!” आणि दुसऱ्या नंबरासाठी जी भांडणं सुरू झाली ती विचारू नका. आधी पहिली कुणी होईना म्हणून माझा जीव जायचा, आता सगळ्यांनाच दुसरी व्हायचं होतं. काकी पाच वाजता उचगावहून निघून यायला लागल्या. तरी तक्रार आहेच. “तुझ्या आईची मिरची ब्याडगी हाय व्हय? माझ्या चटणीला रंग जास्त आला, घरातले म्हणत्यात इकत आणली.” वजन पुरं भरलं त्याबद्दल अक्षर नाही.

रोज पहिला घाणा आमचा. रोज किलोभर चटणी घरात. ती खाणार कोण? शेजारच्या खोल्यांमध्ये गारगोटीकडून कॉलेजला आलेल्या मुली राहायच्या. त्यांना मेसचं जेवण अळणी लागायचं. त्यांनी पहिल्यांदा पाव किलो मागून नेलं, मग विकत न्यायला लागल्या, मग सुट्टीला जाताना गावी न्यायला लागल्या. पुड्यांवर मी कागद चिकटवून काहीतरी छान नाव लिहिणार होते. आई म्हणाली, “नाव नगं. नाव घातलंस की पाटीसारखं व्हईल.” मी कागद परत ठेवून दिले.

सुख लागलं असं समजू नका. लाईट पुढंही अकरालाच जायची. पट्टा ऐन हंगामातच तुटायचा, आणि पट्टा बदलणारा माणूस ऐन हंगामातच जत्रेला जायचा. लसूण जास्त झाला तर दोष मशीनचा, चटणी चांगली झाली तर श्रेय ज्याच्या त्याच्या सासूचं. डिग्रीची काच अजून रोज पुसावी लागते.

पण त्या हंगामात डंक बंद पडला नाही. दोन वर्षांनी त्याच गाळ्यात दुसरा डंक बसवला. आणि त्या मोठ्या घरच्या अंगणातून मुसळ घेऊन परत आली त्या दिवसानंतर, माझी आई दुसऱ्याच्या घरी चटणी कुटायला गेली नाही.