हासलीखालचा गळा

"तांड्यावरची ना? मोहाची घेत असेल."

डॉक्टर आईकडे न पाहताच बोलले. बाकावरची माणसं हसली.

दारव्ह्याचा बाजार होता त्या दिवशी. मी चौदा वर्षांची. आम्ही बंजारा. आईनं जन्मात दारूला बोट लावलेलं नव्हतं. पण महिनाभर ती घरात नसलेल्या माणसांशी बोलत होती, भर उन्हात घोंगडी पांघरून कुडकुडत होती.

"साहेब, कोणीतरी माहा गळा दाबून राह्यलं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

डॉक्टरांनी मला विचारलं, "घेते ना?"

मी मान हलवली. हो म्हणून. भीती वाटली. लाजही वाटली, तिच्या घागऱ्याची, तिच्या गळ्यातल्या जाड चांदीच्या हासलीची. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: दारूमुळे. रक्त तपासलं नाही. हातसुद्धा लावला नाही.

पुढचा प्रत्येक डॉक्टर आधी तो कागद वाचायचा आणि झोपेच्या गोळ्या वाढवायचा. आई सुजली. मंदावली. केस गेले. सात वर्षं. माझ्या लग्नात तिला आतल्या खोलीत कडी लावून ठेवलं. गळा दाबतंय म्हणाली की मीही खेकसायचे, "चूप बस वं!"

स्वतःच्या लग्नात घातलेली हासली तिनं कधी उतरवली नव्हती. शेवटी ती इतकी रुतली की सोनाराकडे नेऊन कापावी लागली. म्हाताऱ्या सोनारानं खाली फडकं धरून ती कापली आणि आईच्या गळ्यावर बोट ठेवलं.

"आवो, इथं तं गाठ हाये. डॉक्टरनं गळा नाही पाह्यला काय?"

नाही पाहिला. सात वर्षांत एकानंही नाही.

मी आईला यवतमाळला नेलं. तिथल्या डॉक्टरांनीही आधी जुने कागद मागितले. मी पिशवीतून तो कागद काढला आणि त्यांच्यासमोर फाडला.

"कागद नाही. गळा पाहा. रक्त तपासा."

"तू शिकवणार का आम्हाला?"

"हो. तपासल्याशिवाय आम्ही उठत नाही."

रक्त घेतलं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जवळजवळ बंद पडली होती. रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक गोळी, एवढाच इलाज. काही महिन्यांत नसलेली माणसं गेली. आई भानावर आली. मी खूप आनंदले, आणि तो आनंद एकच सकाळ टिकला.

चुलीपुढं बसून तिनं विचारलं, "त्या दिवशी तुनं मान कायले हलवली?"

तिला सगळं आठवत होतं. कडीसुद्धा. मी रडले. तिनं मला जवळ घेतलं नाही. तिचं बरोबरच होतं.

आता तांड्यावर कोणा बाईला वेडी म्हटलं की मी तिच्यासोबत दवाखान्यात जाते. तिच्या गळ्यातलं मीच उतरवून ठेवते. डॉक्टर पेन उचलतात. मी म्हणते, आधी हात लावा, रक्त तपासा, मग लिहा.

ते मला विचारतात, "घेते का?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघते. माझी मान हलत नाही.