ताईंच्या फोनचा पडदा

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला, काचा घासायच्या यंत्राशेजारी, वहिनींची खुर्ची. गल्लीत त्यांना सगळे वहिनीच म्हणतात. दुकानाचे मालकही, ज्यांचा त्यांच्या नवऱ्याशी काडीचा संबंध नाही. काम असं, की समोरून चष्म्याचा नंबर येतो, वहिनी काच घासतात, फ्रेममध्ये बसवतात आणि मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू पिळतात. हात इतका स्थिर की बघत राहावं. अशा बाईच्या हाती जुना मोबाइल लागला तर ती काय करणार? उघडणारच!

फोन तसा धडधाकट होता. ओरखडा नाही, बॅटरी दिवसभर पुरायची. पण कंपनीने हात वर केले, सुधारणा पाठवणं बंद केलं, आणि एकेक अ‍ॅप रुसायला लागलं. वहिनींचं डोकंच फिरलं. "फोन जुना झाला म्हणे! मी आजोबांच्या फ्रेममध्ये नातवाची काच बसवून देते, आणि हे म्हणतात फेकून द्या!" दुकानातल्या खटारा कंप्युटरवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी ती फुकटची, सगळ्यांना खुली प्रणाली, मजेत चालतं, मग फोनवर का नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि झालं, नाद लागला.

यात दोन रस्ते असतात. एक म्हणजे कंपनीचं ठिगळं लावलेलं जुनं लिनक्स वापरायचं. सोपं काम, पण त्यात पुढे कुणी लक्ष घालत नाही. दुसरा म्हणजे जगभरची माणसं मिळून जे मूळ लिनक्स सांभाळतात, त्यालाच आपला फोन ओळखायला शिकवायचं. हे महाकटकटीचं. पण एकदा ओळख पटली की पुढच्या सगळ्या सुधारणा फोनला मिळत राहतात. वहिनींनी अर्थातच दुसरा रस्ता धरला. सोपं काही निवडतील तर त्या वहिनी कसल्या!

कितीतरी आठवडे फोनचा पडदा काळाठिक्कर. मग एका रविवारी दुपारी तो उजळला. वहिनी इतक्या जोरात ओरडल्या, की बस चालवून नुकताच आडवा झालेला नवरा धडपडत बाहेर आला.

"काय झालं? कोण पडलं?"

"पडदा लागला!"

"अरे वा. म्हणजे आता फोन लागतो?"

"फोन नाही हो लागत अजून. पडदा लागला!"

नवऱ्याने "छान छान" म्हटलं आणि पुन्हा जाऊन आडवा झाला. भला माणूस.

वहिनींनी आपलं काम, म्हणजे पडदा उजळवणाऱ्या कोडच्या ओळी, मूळ लिनक्सवाल्यांकडे पाठवलं. तिथे पडद्यांचा भाग बघणारे एक गृहस्थ आहेत, दूर कुठल्याशा देशातले, सभ्य पण महाचिकित्सक. पहिल्यांदा त्यांनी ते परत पाठवलं, कारण एका ओळीच्या शेवटी रिकामी जागा राहिली होती. दुसऱ्यांदा आणखी काही खुसपट काढलं. वहिनी दात-ओठ खात सुधारत गेल्या. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी मुद्द्यालाच हात घातला. या फोनमध्ये कधी एका, तर कधी दुसऱ्याच कारखान्याचा पडदा बसवलेला असतो म्हणतात, तुम्ही दोन्हींवर तपासलंत का? दुसऱ्या कुणीतरी आपल्या फोनवर तपासून स्वतःचं नाव द्यावं, मग घेऊ.

वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. एकाच मापाच्या दोन फ्रेमा दोन कारखान्यांतून आल्या की एकीत काच बसते आणि दुसरीत अडते, हे रोज अनुभवणारी बाई! तिने एक फोन बघून सगळे तसेच धरून चालावं?

"असा फोन आता कुणाकडे असणार?" त्या चिडचिडल्या.

"ताईकडे आहे की," नवरा म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. मागच्या गल्लीत त्यांचं इस्त्रीचं दुकान. ताईंनी आणि वहिनींनी एकमेकींशी बोलणं टाकलं होतं, त्याला बरेच दिवस झाले होते. कारण ऐकाल तर हसाल. ताईंना पत्त्यांच्या एका खेळाचं वेड. टॅबलेटवर खेळत खेळत त्या इतक्या वरच्या पायरीला पोचल्या होत्या, की दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी ती पायरी दाखवायच्या आणि मग कपडे द्यायच्या. वहिनींनी तो टॅबलेट "हळू चालतोय, जरा साफ करते" म्हणून नेला, न विचारता सगळं पुसलं आणि चकाचक करून परत दिला. खेळ गेला. ताई म्हणाल्या, "यापुढे माझ्या वस्तूला हात लावायचा नाही." त्या दिवसापासून सगळे निरोप भावामार्फत.

आता त्याच ताईंकडे फोन मागायचा. आणि खरी गोम पुढेच होती. तपासण्याआधी कंपनीने फोनला घातलेलं कुलूप काढावं लागतं, आणि ते काढलं की आतलं सगळं पुसलं जातं. वहिनींनी नवऱ्याकडे चौकशी केली, तर ताई तोच खेळ आता त्या फोनवर खेळत होत्या. पहिल्यापेक्षा वर पोचल्या होत्या. आणि तो खेळ काही केल्या दुसरीकडे उतरवून घेता येत नव्हता.

"सांगूच नकोस ना," नवऱ्याने शहाणपणा केला. "फोन बिघडला म्हणू."

"एकदा न सांगता पुसलं, त्याचं काय झालं दिसतंय ना?" वहिनी कडाडल्या. फोन मिळाला नाही तर सगळ्या खटपटीवर पाणी पडणार होतं. पण पुन्हा फसवलं तर ताई कायमच्या जाणार होत्या, आणि वहिनींना त्या फार, फार हव्या होत्या. लग्न होऊन आल्यावर या घरात त्यांना पोट धरून हसवणारं पहिलं माणूस म्हणजे ताईच.

दुपारी दुकानं थंड असतात, तेव्हा वहिनी गेल्या. ताई शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडत होत्या. मान वर केली नाही.

"ताई, मी आधी माफी मागायला आलेय आणि मग काहीतरी मागायला."

"माफी राहू दे. काय हवंय?"

वहिनींनी सगळं सांगितलं. दोन कारखाने, कुलूप, पुसणं. खेळही जाईल, हे सगळ्यात आधी सांगितलं. ताईंनी इस्त्री उभी करून ठेवली, फोन उचलला, खेळाचा पडदा एकदा डोळे भरून बघितला आणि फोन वहिनींपुढे धरला.

"घे."

"ताई, खरंच सगळं जाईल हो."

"कळलं गं. तेव्हा विचारलं असतंस, तर तेव्हाही दिलं असतं."

वहिनींना रडू फुटलं. "अगं बाई, त्या शर्टावर नको, आत्ताच इस्त्री केलाय," ताई म्हणाल्या आणि त्यांनी नाक पुसायला आपला रुमाल दिला.

तिथेच टेबलावर लॅपटॉप उघडला, कुलूप काढलं, केबलवरून मूळ लिनक्स चढवलं. फोन आतून सुरू झाला, लॅपटॉपला उत्तरं देऊ लागला. पडदा मात्र काळा. ठार काळा! त्या चिकित्सक गृहस्थांची शंका खरी निघाली होती. ताईंच्या फोनचा पडदा दुसऱ्या कारखान्याचा होता आणि त्याला जागं करायचे हुकूम निराळे होते.

ताईंनी कमरेवर हात ठेवले. "माझा खेळ घालवून हे दाखवलंस?"

वहिनींचा चेहरा पडला. मग ताईंनाच हसू आवरेना, आणि त्या हसल्या म्हणून वहिनीही हसत सुटल्या. कपडे न्यायला आलेलं गिऱ्हाईक दारातच थबकलं.

त्यानंतर रोज दुपारी इस्त्रीच्या दुकानात लॅपटॉप मांडलेला असे. कंपनीने कधीकाळी खुल्या केलेल्या जुन्या कोडमधून वहिनी हुकूम शोधून आणायच्या, ताई बटण दाबायच्या आणि निकाल सांगायच्या. "हिरवे पट्टे आले." "आज नुसताच पांढरा." "अगं, चित्र उलटं आलंय, पण आलंय!" ताईंना या खेळाची चटक लागली. वहिनींना उशीर झाला तर त्या चष्म्याच्या दुकानात येऊन मालकांना दम देऊ लागल्या, की सोडा हिला, माझा फोन अडलाय.

शेवटी दोन्ही फोन शेजारी शेजारी उजळले. वहिनींनी सुधारलेलं काम पाठवलं, खाली 'तपासणाऱ्या' म्हणून ताईंचं पूर्ण नाव घालून. या खेपेला गृहस्थांनी एकही खुसपट काढलं नाही. घेतलं, धन्यवाद, एवढंच उत्तर आलं. वहिनी एप्रनसकट पळत मागच्या गल्लीत गेल्या.

"ताई, घेतलं! मूळ लिनक्समध्ये गेलं, तुमच्या नावासकट!"

"म्हणजे आता ते तिथेच राहणार?"

"कायमचं. जगभर ज्याच्या त्याच्याकडे त्याची प्रत असते. ते आता कुणालाच पुसता येणार नाही, ताई. मलासुद्धा."

हात पदराला पुसत ताईंनी टेबलावरचे कपडे बाजूला सारले, वहिनींना बसायला जागा केली आणि म्हणाल्या, "बस इथे. दाखव बघू, कुठे आहे माझं नाव."