बारवेसाठी मंजूर झालेला निधी

मी आजवर पुष्कळ पत्रकं लिहिली. हे त्यातल्या एकाही पत्रकात नाही. घरी सांगितलेलं नाही, माझ्या शेजारी उभं राहून घोषणा देणाऱ्या पोरापोरींनाही नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असाल तर — वाचून झाल्यावर ओळख ठेवायची की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

मला मोठ्याने बोलता येतं. दारव्ह्याच्या चौकात, माईक बंद पडला तरी माझं अडत नाही. ‘दगडांना मत नसतं, म्हणून त्यांना निधी नसतो!’ — हे वाक्य माझं. टाळ्या पडतात. आणि ते खोटंही नाही. आमच्या जिल्ह्यात जुनं बांधकाम पडतं तेव्हा कुणी बघायलाही जात नाही. देवळाची शिळा गोठ्याची पायरी होते, वेशीच्या कमानीखाली शेणखत साठतं. सरकारी यादीत नाव नाही म्हणून निधी नाही. निधी नाही म्हणून साहेब बघायला येत नाही. साहेब आला नाही म्हणून यादीत नाव नाही — बघा, लगेच भाषण सुरू झालं. मला भाषण करायचं नव्हतं.

बारवेबद्दल सांगायचं आहे.

बोरी अरबच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की एका बंजारा तांड्याच्या खालच्या अंगाला ती होती. पायऱ्यांची दगडी विहीर. बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरणाऱ्या, लदेणी करणाऱ्या पूर्वजांनी ती बांधली, असं तांडा सांगे. तिच्या एका बाजूला पायऱ्याच नव्हत्या, फरसबंदी उतार होता — बैलांना पाण्यापर्यंत नेता यावं म्हणून. मी बारवा बऱ्याच पाहिल्या. बैलाचा एवढा विचार केलेली ही एकच. श्रावणात तीजेला तांड्यातल्या पोरी दुरड्यांमध्ये गहू पेरत, त्या रोपांना इथलंच पाणी घालत, गाणी म्हणत, आणि शेवटी रडत रडत ती रोपं इथंच बुडवत. तिची एक भिंत मात्र पुढे आली होती. पोट सुटल्यासारखी.

त्या तांड्यावर मला पहिल्यांदा बसायला खाट कुणी दिली? हरसिंग नाईकांनी. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख; भांडण असो, सोयरीक असो, शब्द त्यांचा. त्यांना वाचता येत नव्हतं. माझी पत्रकं ते नातीकडून वाचून घेत आणि मला म्हणत, “लय तिखट लिह्यतं वं पोरी तू. पानी प्या लागते वाचल्यावर.”

दोन वर्षं मी त्या बारवेसाठी अर्ज केले, मोर्चा नेला, कचेरीच्या पायरीवर बसले. मिळालं काय? काहीच नाही. तांडा कंटाळला. आणि एका उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच ठरवलं — भिंत आपणच बांधू. घराघरातून सिमेंटची पोती आली. दारव्ह्याचा मिस्त्री आला, त्याने भाड्याच्या बल्ल्या आणून त्या भिंतीला टेकू दिला. मला कळलं तशी मी गाडी काढून पोचले.

सिमेंटबद्दल माझं म्हणणं बरोबर होतं. आजही आहे. जुन्या दगडी भिंतीवर सिमेंट थापलं की मागचं पाणी कोंडतं आणि भिंत आतून मरते. हे मी नसाबीत, म्हणजे तांड्याच्या पंचायतीत, ओरडून सांगितलं. तिला हात लावाल तर तुम्ही तिचे मारेकरी, असंही म्हणाले. हो, हाच शब्द. ज्यांच्या पूर्वजांनी ती बांधली त्यांना मी मारेकरी म्हणाले.

मागून एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, “मंग तुये पत्रकंच चिकटवून देऊ का भितीले? थांबन काय ते?”

सगळा तांडा हसला. मिस्त्री हसला. पोरंसोरं हसली.

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा हसण्याने काय होतं? मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण माझे कान तापले. नाईक काही हसले नव्हते. ते शांतपणे म्हणाले, “पोरी, तुयं पटते मले. पन सरकारचा निधी येईन कवा? भीत पडल्यावर?”

आणि मी म्हणाले — आला. मंजूर झाला. दिवाळीपर्यंत काम लागेल. आता सिमेंट लावलंत तर तो परत जाईल.

मंजूर काहीच झालेलं नव्हतं. आदल्या आठवड्यात कचेरीतला एक माणूस पान चघळत मला “बघू, पाठवतो पुढे” एवढंच म्हणाला होता. ती चूक नव्हती, गैरसमज नव्हता. मला माहीत होतं आणि मी बोलले. मला त्या दुपारी हरायचं नव्हतं, बस.

नाईक उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “झालं मंग. पैसा मंजूर हाय. माया शब्दावर थांबा.”

माझ्या नाही. त्यांच्या शब्दावर.

पोती ज्याच्या त्याच्या घरी परत गेली. कुणाचं न्हाणीघर झालं, कुणाचा ओटा. बल्ल्या भाड्याच्या, त्या मिस्त्री घेऊन गेला. दिवाळी आली, गेली. मी म्हणत राहिले — फाईल नागपूरला आहे, फाईल मुंबईला आहे. माझी फाईल माझ्यापेक्षा जास्त फिरली. एक पावसाळा कसाबसा निघाला. पुढच्या श्रावणात झड लागली, दिवसरात्र, आणि एका सकाळी भिंत बारवेत बसली. तिच्यामागे मातीचा सगळा डोंगर आला. कुणी मेलं नाही. उतार गेला, पायऱ्या गेल्या, पाणी गेलं. त्या वर्षी पोरींनी तीजेची रोपं ट्रॅक्टरमध्ये बसून लांबच्या नाल्यात सोडली, असं ऐकलं. मी बघायला गेले नाही.

इथवर ऐकून तुम्ही कदाचित म्हणाल — ठीक आहे, खोटं बोललीस, पण भिंत तर सिमेंट लावूनही पडलीच असती. मीसुद्धा बरेच दिवस हेच म्हणत झोपी जायचे. पण मी अजून मुद्द्यावर आलेच नाही. आले का? नाही. टाळते आहे.

भिंत पडल्यावर मी पत्रक काढलं.

सवयच तशी. काही पडलं, जळलं, बुडालं की माझा हात आधी कागदाकडे जातो. गुलाबी कागद, वर जाड अक्षरात मथळा: ‘बारवेचा निधी कोणी गिळला?’ जो निधी मीच माझ्या तोंडाने तयार केला, तो कोणी खाल्ला असं मीच विचारत होते! आणि खरं सांगू? लिहिताना माझे डोळे भरून आले होते. चीड अस्सल होती. त्या क्षणी मला खरंच वाटत होतं की तो पैसा कुठेतरी होता. वरच्यांवर जाईल, कचेरीवर जाईल, असं धरून मी ते बोरी अरबच्या बाजारात वाटलं.

कागद वर कधी जातो का? तो खालीच गेला. तांड्यावर गेला. पैसा मंजूर आहे, असं तांड्यासमोर उभं राहून कोण म्हणालं होतं? नाईक. आणि त्याच उन्हाळ्यात नाईकांच्या घरावर नवी टिनं आली होती — पोरगा ऊसतोडीला जाऊन आला होता, त्याच्या कमाईची. लोकांनी पत्रक वाचलं, मान वर केली, टिनं पाहिली. चकचकीत होती बिचारी.

बाकी सगळं मला फोनवर कळलं. नाईकांचा स्वतःचा फोन आला. नसाब बोलावली होती. ते म्हणाले, “तू येऊन एवढंच सांग, का पैसा माया हातात आला नाही. तुयं आयकतीन ते. मायं नाही आयकून राह्यले.”

एवढंच. खोटं बोललीस का, असंही त्यांनी विचारलं नाही. तो संशयच त्यांना शिवला नव्हता. मी म्हणाले, “काका, मी यवतमाळला आहे, आंदोलन आहे, निघता येणार नाही.” मी घरी होते. पलंगावर बसून केसांना तेल लावत होते. दारव्ह्याहून तो तांडा काही लांब नाही. पलीकडून ते म्हणाले, “बरं, आंदोलन सोडू नको.”

त्यांची नाईकी गेली, चुलतभावाकडे. नातीची ठरलेली सोयरीक मोडली. माझ्या पत्रकाची बातमी आली, फोटोसकट, आणि त्यानंतर मला लांबलांबून बोलावणी यायला लागली. जुनी वेस, जुनी गढी, जुनं देऊळ — आमच्याकडे या, ताई, तुम्हीच आवाज उठवा. मी जाते. उठवते. एकही वास्तू वाचलेली नाही. एकही.

मागच्या हिवाळ्यात राळेगावच्या सभेला निघाले होते. यवतमाळच्या स्टँडवर गाडी बदलायची होती, तिथे ते दिसले. मी खांबाआड झाले — हेही लिहितेच — पण त्यांनीच हाक मारली, “अवं पोरी!” आता मुकुटबनला लेकीकडे असतात म्हणाले. चहा त्यांनी पाजला. “वाळली वं तू, उन्हातान्हात फिरून,” म्हणाले. मग आजूबाजूला पाहून, अगदी हळू: “तो निधी... कोनं खाल्ला, सापडला का?”

ज्यांना चोर ठरवलं, त्यांना अजून वाटतं की चोरी झाली. की पैसा निघाला होता, वाटेत कुणीतरी हाणला, आणि मी — मी! — त्याच्या मागावर आहे.

“सापडला तं तांड्यावर जाऊन सांगजो,” ते म्हणाले. “मी नसन तरी सांगजो.”

मुकुटबनची गाडी लागली होती. पुष्कळ वेळ होता. एक वाक्य बोलायला किती लागतो?

“शोधून राह्यली काका,” मी म्हटलं. “सोडनार नाही त्याले.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत चढले.