गाणारी उजवीकडं सरकली तेव्हा

सव्वा महिना झाला सुदामला जाऊन. त्या दिवशी सकाळी मी द्वारकेच्या चौकात स्कूटरवर अडकलो होतो, चहूबाजूंनी हॉर्न चाललेले आणि खिशात फोन थरथरत होता. कडेला घेऊन उचलला. मंदावहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, गेले हो." ऑपरेशनला चार दिवस झाले होते. मी वहिनींसाठी डबा घेऊन दवाखान्यातच निघालो होतो... डबा हुकाला तसाच लटकत होता आणि मला सुचेना, घाई करायची ती आता कशासाठी.

सुदाम माझा शाळासोबती. पंचवटीच्या पलीकडे त्यांचा गुलाबाचा मळा, बाजारात फुलांचा गाळा. पहाटे फुलं विकायची, दुपारी घरी येऊन जेवायचं आणि मग दोन तास गाणं, हा त्याचा नेम. मी आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकवली, म्हणून तो मला मास्तर म्हणायचा, बहुतेक वेळा चिडवायलाच. घराच्या पुढच्या खोलीत दोन स्पीकर, त्यांच्यासमोर बरोबर मधोमध एक वेताची खुर्ची. खुर्चीच्या चार पायांखाली फरशीवर पांढऱ्या रंगाचे चार ठिपके काढलेले. झाडूपोछा करताना खुर्ची बोटभर हलली तरी हा माणूस वहिनींवर वैतागायचा. डोळे मिटून बसलं की समोर मैफल मांडलेली दिसते, असं तो म्हणायचा. मधे गाणारी, तिच्या एका हाताला तबला, दुसऱ्या हाताला पेटी, मागे तंबोरा. याला तो बैठक म्हणायचा. "आज बैठक लय रुंद लागलीय मास्तर, तबलजी पार खिडकीपाशी बसलाय," असं.

आमचं भांडण याच बैठकीवरून. त्याचं म्हणणं, अँप्लिफायर जितका भारी तितकी बैठक ऐसपैस. माझं म्हणणं, बैठक घडते ती स्पीकर कुठे ठेवलेत, खोली कशी आहे आणि तू कुठे बसतोस यावर. पुरेसा ताकदीचा, निर्दोष अँप्लिफायर असला की त्यापुढे ओतलेला पैसा फक्त मशिनचं वजन वाढवतो. एकदा मी त्याचा जुना आणि नवा असे दोन्ही अँप्लिफायर चादरीखाली झाकले, आवाजाची पातळी मीटरवर सारखी करून घेतली आणि वहिनींना बदलाबदली करायला बसवलं. सुदामला दहा वेळा विचारलं, कुठला वाजतोय? पाच वेळा बरोबर, पाच वेळा चूक. वहिनींना हसू आवरेना. सुदामही पोट धरून हसला आणि शेवटी म्हणाला, "तू मीटरनं ऐकतोस रे." तेव्हा किती बरं वाटलं होतं मला, जिंकल्याचं.

दीड वर्षापूर्वी एका दुपारी त्याचा फोन आला. गाणारी उजवीकडं सरकलीय, ये बघायला. गेलो. जे पोरांना शिकवत आलो तेच केलं. साखळीतली एकेक गोष्ट बदलून बघायची; बदलल्यावर दोष जागेवरून हलला, तर ती गोष्ट बिघडलेली. स्पीकरच्या वायरी उलटसुलट केल्या, गाणारी उजवीकडंच. स्पीकर अदलाबदल केले, उजवीकडंच. उजव्या भिंतीवर काचेचं कपाट होतं, त्याच्यावर दोन गोधड्या टांगल्या, तरी उजवीकडंच. मग मी स्वतः त्या खुर्चीत बसलो. मला ती अगदी मधोमध ऐकू येत होती. मी उठलो, हात झटकले आणि म्हणालो, मशिन चांगलं आहे, हा तुझा वहम आहे.

वायर तपासली, स्पीकर तपासला, भिंत तपासली. साखळीत राहिलं होतं काय? खुर्चीत बसलेला माणूस. परीक्षेत एखाद्या पोरानं एवढ्यावर तपासणी सोडली असती, तर मी त्याला नापास केलं असतं. आणि मी तिथे वहिनींच्या हातचा चहा प्यालो, अँप्लिफायरच्या शौकिनांची टवाळी केली आणि घरी आलो.

नंतर सगळं समोरच तर होतं. फोन तो कायम उजव्या कानाला धरायला लागला. स्कूटरवर मागे बसला की माझ्या खांद्यावरून पुढे वाकून "काय? काय?" करायचा. वहिनी म्हणायच्या, हल्ली हे मुद्दाम ऐकत नाहीत. मला वाटलं, गाळ्यावरच्या आरडाओरड्यानं झालं असेल, नाहीतर वय. त्यानं मात्र पक्कं ठरवलं होतं की दोष अँप्लिफायरचाच. मुंबईहून आणखी एक नवा मागवला, दोघांनी उचलावा लागेल असा. असल्या भारी मशिनना बऱ्याचदा डाव्या-उजव्या बाजूचा आवाज कमी-जास्त करायचा बॅलन्सचा नॉबच नसतो. यानं मुद्दाम शोधून नॉब असलेलाच आणला. मी वायरी जोडून दिल्या आणि त्याला भरपूर चिडवलं. नॉब कशाला हवाय, हे विचारलं नाही. काही दिवसांनी म्हणाला, आता बाई जागेवर बसलीय. बघ, पैसा बोलतो की नाही! मी कपाळाला हात लावला.

मग चालताना त्याचा तोल जायला लागला, तेव्हा दवाखाना. डाव्या कानाच्या नसेवर गाठ होती, चांगली वाढून मेंदूला टेकलेली. डॉक्टरांनी विचारलं, या कानानं कमी ऐकू येतंय, ते कधीपासून? वहिनींनी माझ्याकडे बघितलं. सुदामच म्हणाला, "झालं दीड वर्ष. आम्हाला वाटलं, मशिन बिघडलंय."

आम्हाला, म्हणाला. मला वाचवायला म्हणाला असेल, नाहीतर सहज.

लवकर आला असता तर गाठ लहान असताना निघाली असती का, हे मी डॉक्टरांना विचारू शकलो असतो. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. अजून विचारलेलं नाही, विचारणारही नाही बहुतेक... उत्तर काहीही असलं तरी त्याचं मी काय करणार?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याच्यापाशी बसलो होतो, उजव्या बाजूला, त्याला ऐकू यावं म्हणून. माफी मागायची होती. त्यानंच माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाला, "तूच जिंकलास मास्तर. अँप्लिफायरमध्ये काय बी नव्हतं." आयुष्यभर जे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, ते असं मिळालं.

परवा वहिनींनी बोलावलं. कोणीतरी ते मशिन न्यायला तयार आहे, चालू आहे का तेवढं बघा, म्हणाल्या. खुर्ची ठिपक्यांवर होती. त्याची नेहमीची ठुमरीची रेकॉर्ड लावली आणि बसलो. गाणारी पार डावीकडच्या कोपऱ्यात, उजवा स्पीकर जवळजवळ मुका. उठून बघितलं, तर बॅलन्सचा नॉब डावीकडं जवळपास शेवटपर्यंत फिरवलेला. एवढा फिरवला की त्याला ती मधोमध बसलेली दिसत असणार. रोज थोडा थोडा फिरवत गेला असेल, एकटाच, दुपारी.

नॉब मधोमध आणायला बोटं लावली, पण फिरवायला मन होईना. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "बिघडलंय का हो, भावजी?"

"नाही वहिनी," मी म्हणालो, "मशिन चांगलं आहे." दीड वर्ष मी हेच तर सांगत होतो.