पहिल्या ओळीतली जागा

नवरा-बायको एकाच धंद्यात, पण एकमेकांच्या वैरी कंपन्यांत, असा आमचा ब्रिस्टलमधला संसार. आम्ही दोघंही ऑनलाइन कॅसिनोंसाठी गेम बनवतो. कॅसिनो स्वतः काही बनवत नाही. आमच्यासारख्या ढीगभर कंपन्यांचा माल घेतो आणि एकाच स्क्रीनवर मांडतो. पहिल्या ओळीत जागा मिळाली तर गेम चालतो, खाली ढकलला की कुणी ढुंकूनही बघत नाही. नागपूरला सासूबाईंना आम्ही "सॉफ्टवेअर" एवढंच सांगतो. खोटं थोडंच आहे?

घरात नियम एकच, ऑफिसचं ऑफिसात. मी पुण्याची, मला गप्प बसणं म्हणजे शिक्षाच, पण पाळत होते.

गेल्या मार्चमध्ये दोघांचे गेम एकाच कॅसिनोत, एकाच आठवड्यात आले. त्याचा समुद्री चाच्यांचा, माझा बेकरीचा. मी लीड केलेला हा पहिलाच, आणि तो टिकला तर मला स्वतःची टीम मिळणार होती. कॅसिनोवाले आठवडाभर दोन्ही पहिल्या ओळीत ठेवणार, मग लोक ज्यात रमतील तो तिथेच राहणार आणि दुसरा जाणार तळाला. त्या आठवड्यात आम्ही एकमेकांना पाहुण्यासारखं "चहा घेणार का?" विचारत होतो. मी बसमध्ये चोरून ती ओळ बघायचे. हा फोन घेऊन बाथरूममध्ये जायचा तो अर्धा तास बाहेरच यायचा नाही. मला काय कळत नव्हतं होय?

शुक्रवारी दुपारी कळलं. बेकरी राहिली, चाचे बुडाले. ऑफिसात मी चक्क नाचले. घरी येताना मात्र मी एक स्टॉप आधीच उतरले. आनंद लपवायचा कसा, आणि त्याचं तोंड उतरलेलं असलं तर बोलायचं तरी काय?

दार उघडलं तर फोडणीचा वास. नवरोबा त्याच्या नागपूरचा गोळाभात करत होता. जेवायला बसलो. मी पहिला घास घेतला आणि तो म्हणाला, "आज नियम मोडतो. तुझा गेम मी सोमवारीच आमच्या टीमला दाखवला. म्हटलं, आपण असा करायला हवा होता."

मला एकदम भरून आलं. दुपारच्या नाचण्यापेक्षा हा आनंद कितीतरी मोठा होता. पण सरळ कबूल करीन तर मी कसली!

"बायकोचा आहे हे सांगितलंस का त्यांना?" मी विचारलं.

"ते तर सगळ्यात आधी सांगितलं."