सात फुटांखालची माती

मी शेती खात्यात नोकरीला होतो. घर रोह्याला, नेमणूक पेणला, आणि माझ्याकडची गावं खाडीच्या बाजूची. नव्वदनंतरची ती वर्षं. तेव्हाच्या एका कामाबद्दल सरकारी कागदात जे लिहिलं आहे ते खोटं आहे आणि ते माझ्या अक्षरात आहे. आता माझं वय झालं. दुरुस्ती राहून जाऊ नये म्हणून हे लिहितो.

शेततळ्यांची योजना आली होती. अर्धा खर्च सरकारचा, अर्धा शेतकऱ्याचा. आणि शेतकऱ्याला स्वतः खोदाई करून आपला वाटा भरता येत होता. पावसाचं पाणी साठवायचं, भात कापून झालं की त्यावर वाल आणि थोडी भाजी घ्यायची. पावसाला आमच्याकडे कधीच तोटा नव्हता, पण उन्हं तापायला लागली की बायका हंडे घेऊन लांब जायच्या. योजना चांगली होती, हे मी आजही म्हणेन.

त्या गावांपैकी एका गावात माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठा एक शेतकरी होता. खाडीजवळच्या जमिनीत वर चिकण माती असते, ती पावसाचं गोडं पाणी धरून ठेवते. तिच्याखाली खार. चिकण मातीचा थर फुटला की खालचं खारं पाणी वर येतं. हा थर किती जाड, ते प्रत्येक खाचरात वेगळं. म्हणून गावात कोणीही खड्डा काढला की ह्या माणसाला बोलावणं जाई. तो खाली उतरायचा, कुदळीच्या टोकाची माती चिमटीत घेऊन जिभेवर ठेवायचा, थुंकायचा आणि सांगायचा, "अजून हातभर जा," नाहीतर "बस, हितंच थांबा." त्यावर कोणी वाद घालत नसे. या कामासाठी तो कोणाची विडीसुद्धा घेत नसे.

अर्ज मीच त्याला करायला लावला. जागा गावतळ्याला लागून. गावतळं जुनं; गुरांचं पाणी, धुणं, वालाला शिंपण, सगळं त्याच्यावर. नवराबायको दोघंच खोदायला लागली. मी पाहणीला गेलो की त्याची बायको माझी फिरकी घ्यायची.

"सायेब, नुसती टेप धरून सरकारचा वाटा भरताव काय? घ्या ती पाटी, टाका दोन खेपा."

"गप गो," तो हसत म्हणायचा, "सायबाची इस्तरी मोडंल."

सात फुटांवर तो थांबला. मी म्हणालो, अजून तीन फूट.

"नाय सायेब. खाली खार हाय."

"कागदावर दहा फूट आहे. दहा झाल्याशिवाय काम पूर्ण धरत नाहीत. तुमची सगळी मेहनत फुकट जाईल."

"जाऊ दे. सात फूट पानी काय कमी हाय?"

तो कागद घाटावरच्या मुरमाड जमिनी डोळ्यांपुढे ठेवून केलेला होता. इथे खोली कमी धरावी, असा एक अर्ज मी वर पाठवू शकलो असतो. तेवढंच करायचं होतं. पण उत्तर मार्चअखेरपर्यंत येईल याची खात्री नव्हती, आणि अपुरं काम माझ्या नावावर राहिलं असतं. आधीच एक कारणे दाखवा नोटीस माझ्या खणात होती. मी अर्ज केला नाही.

आठवड्याने पुन्हा गेलो. त्याने माझ्यासमोर खालची माती जिभेवर ठेवली आणि चिमूटभर माझ्याही पुढे केली. "तुमीच बघा." मी हात पुढे केला नाही. तो म्हणाला, "आता तर नकोच. गावतळं बाजूला हाय."

तिसऱ्या खेपेला मी त्याच्या ओट्यावर बसून चहा घेतला आणि म्हणालो, "तुम्ही अडून बसलात तर पुढच्या वर्षी या गावात कोणालाच तळं मिळणार नाही." हे खोटं होतं. असा नियम कुठेही नव्हता.

बायको म्हणाली, "एवढा शिकलेला मानूस खोटं कशाला बोलंल?"

"बघा हां सायेब," तो म्हणाला. "मी नको सांगतोय." आणि त्याने कुदळ उचलली.

दहा फूट मोजले, काम पूर्ण म्हणून लिहिलं. पावसात तळं काठोकाठ भरलं. गावातले लोक बघायला आले, मीही मिरवलो. दिवाळीनंतर पाणी उतरलं तसा काठाला पांढरा पापुद्रा धरू लागला. होळीपर्यंत गावतळंही बिघडलं. गुरं पाण्याला तोंड लावायची आणि मान वर करायची. आजूबाजूचा वाल शेंड्याकडून पिवळा पडत वाळला.

तक्रार झाली, चौकशी आली. मी जबाब लिहून काढला : शेतकऱ्यास खारा थर लागताच थांबण्याची सूचना दिली होती, त्याने अधिक पाण्याच्या लोभाने, सूचना डावलून खोदाई केली. खाली त्याची सही हवी होती. त्याला सही करता यायची, वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय?" त्याने विचारलं.

"नेहमीचंच. काम झालं म्हणून."

त्याने सही केली. माझ्याच पेनाने, सावकाश.

गावातले पाचसहा जण त्याला घेऊन पेणला कचेरीत आले. तो त्यांना सांगत होता, सायबानं सांगितलं म्हणून मी खोदलं. मी फाइल उघडून त्यांना जबाब वाचून दाखवला आणि सहीवर बोट ठेवलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग सहीकडे. बाकीचे त्याला मागे सोडून आधीच जिना उतरू लागले होते.

त्यानंतर त्याला कोणी माती बघायला बोलावलं नाही. हळदीचं, बारशाचं बोलावणंही बंद झालं. बायको पाणवठ्यावर गेली की बाकीच्या उठून जात. दोन वर्षांनी जमीन पडीक टाकून तो डोलवीला एका ठेकेदाराकडे माती उपसण्याच्या कामाला लागला. पुढे दोघं कोलाडला मुलीकडे राहायला गेली. तो तिथेच वारला. मी रोह्याला, बसने तासाभराच्या आत पोचण्याजोगा. पण गेलो नाही.

गेल्या वर्षी गेलो. त्याची बायको आता म्हातारी झाली होती; बाईंनी ओळखलं. मी सगळं सांगितलं, अर्ज न केल्यापासून सहीपर्यंत, आणि माफी मागितली. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडत राहिल्या.

"मला सांगून काय व्हनार? मला म्हाईतच हाय. तिथं जाऊन सांगा, लोकांसमोर."

मी त्या गावात गेलो. तेव्हाच्यांपैकी तिघं उरले होते. देवळाच्या पायरीवर बसून मी कबुली दिली. त्यांतला एक म्हणाला, "आमाला तवाच थोडं थोडं वाटलं व्हतं. पन तुमाला कुठं धरनार? तो घरचा, त्याला धरला."

मला वाटलं होतं, ते चिडतील. चिडलं कोणी नाही. जमिनी विकल्या गेल्या, गावात नळ आला. त्या तळ्याशी आता कोणाचं काही नव्हतं.

परत कोलाडला जाऊन मी हे बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता लिवून काढा. नातवंडं वाचतील. आपल्या गावच्या पोरी हितं दिल्यात, त्यांची पोरंबी शाळेत तेच बोलतात, ह्यांच्या आज्यानं गावाचं पानी खारं केलं."

मी चार पानं लिहून नेली. नातीने मोठ्याने वाचली. बाईंनी मध्येच थांबवलं. "तो नको बोलला व्हता, ते लिवलंय?"

"लिहिलंय."

"कितीदा?"

मी एकदाच लिहिलं होतं. ती पानं तिथेच ठेवून आलो आणि हे पुन्हा लिहायला घेतलं. तो तीनदा नको म्हणाला. तिन्ही वेळा मी समोर होतो, आणि तिन्ही वेळा मला ऐकू आलं होतं.